अक्कलदाढ, जबड्यातील मज्जातंतू आणि सीबीसीटीची नेमकी गरज

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जून-जुलै जवळ आला की पुण्यातील दंतचिकित्सालयांत एका ठरावीक वयोगटाची वर्दळ वाढते. पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला किंवा जर्मनीला निघालेली मुले-मुली, तिकडे दातांचे उपचार महाग पडतात म्हणून, निघण्यापूर्वी अक्कलदाढा काढून घेण्यासाठी येतात. बहुतेकांबरोबर आई किंवा वडील असतात आणि हातात प्रवासाची तारीख ठरलेली असते. मुख-क्ष-किरण निदान हा विषय मी अनेक वर्षे शिकवत आले आहे आणि शहरातील निरनिराळ्या चिकित्सालयांतून आलेल्या अशा रुग्णांच्या प्रतिमा वाचून त्यांचे अहवाल लिहिण्याचे कामही करते. या कामात मला दोन टोके वारंवार दिसतात. काही रुग्णांना, साधी ओपीजीही (दोन्ही जबड्यांचा एकत्र सपाट एक्स-रे) न काढता, थेट संपूर्ण चेहऱ्याच्या सीबीसीटीची (त्रिमितीय क्ष-किरण तपासणीची) चिठ्ठी दिली जाते. तर काहींची दाढ खालच्या जबड्यातील मज्जातंतूला भिडलेली असूनही एका छोट्या एक्स-रेवर, ज्यात मुळांची टोकेसुद्धा पूर्ण आलेली नसतात, शस्त्रक्रिया उरकली जाते. पहिल्यात रुग्णाला अनावश्यक किरण मिळतात आणि खर्च होतो, दुसऱ्यात त्याच्या ओठाची संवेदना पणाला लागते. या दोहोंच्या मधली वाट अवघड नाही, आणि ती रुग्णांना व त्यांच्या पालकांना ठाऊक असावी यासाठी हे पत्र लिहीत आहे.

खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक नलिका असते. जबड्याच्या मागच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूने मज्जातंतू या नलिकेत शिरतो, दाढांच्या मुळांखालून पुढे येतो आणि उपदाढांच्या खाली असलेल्या छिद्रातून बाहेर पडून खालचा ओठ व हनुवटी यांना संवेदना देतो. खालच्या दातांची संवेदनाही त्याच्याच वाटेने जाते. अक्कलदाढ सर्वांत मागे आणि हाडात सर्वांत खोल असल्यामुळे तिची मुळे या नलिकेच्या जवळ पोहोचतात. कधी तिला स्पर्श करतात, कधी तिच्यावर खाच पाडतात आणि क्वचित नलिका दोन मुळांच्या मधूनही जाते. दाढ काढताना मज्जातंतू दाबला, ताणला किंवा कापला गेला, तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, मुंग्या येतात, काहींना सतत जळजळ जाणवते. दाढी करताना कापल्याचे कळत नाही, चहा पिताना तो ओठावरून ओघळल्याचे कळत नाही, जेवताना ओठ चावला जातो. बहुतेक रुग्णांत ही संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते आणि कायमची इजा होण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे एक टक्क्याहून कमी आहे. परंतु ही सरासरी सर्व दाढांची आहे. ज्या दाढेची मुळे नलिकेला चिकटलेली आहेत तिचा धोका या सरासरीपेक्षा बराच अधिक असतो, आणि म्हणूनच आपली दाढ कोणत्या गटात मोडते हे शस्त्रक्रियेपूर्वी कळणे महत्त्वाचे ठरते.

हे प्रथम कळते ते ओपीजीवरून. डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्राने दोन्ही जबड्यांचे एकच लांबट चित्र घेतले जाते, त्याला काही सेकंद लागतात आणि खर्चही फार नसतो. या चित्रात मूळ आणि नलिका एकमेकांवर आलेली दिसली म्हणजे ती एकमेकांना चिकटली आहेतच असे नाही. कर्वे रस्त्यावर उभे राहून पाहिले तर विजेची तार मागच्या इमारतीच्या गच्चीला टेकलेली दिसते. ती खरोखर टेकली आहे की रस्त्याच्या अलीकडच्या कडेने जाते, हे त्या एका जागेवरून सांगता येत नाही. ओपीजीची मर्यादा हीच आहे, त्यात गालाकडची आणि जिभेकडची बाजू वेगळी कळत नाही. शिवाय किरण किंचित खालून वर जात असल्याने जिभेच्या बाजूची वस्तू प्रत्यक्षाहून वर सरकलेली दिसते आणि एकूण चित्र थोडे मोठे येते. म्हणून चित्रावर नुसती पट्टी ठेवून मूळ आणि नलिका यांतील अंतर मोजणे फारसे उपयोगाचे नाही.

असे असले तरी ओपीजी नीट वाचली तर ती पुष्कळ सांगते. रूड आणि शेहाब या ब्रिटिश संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात खुणा मांडल्या होत्या आणि आजही जगभर त्याच वापरल्या जातात. त्यांतील चार मुळाच्या आहेत: नलिका ओलांडते त्या जागी मूळ काळसर दिसणे, मूळ वाकणे, मूळ अचानक निमुळते होणे, आणि मुळाचे टोक काळसर व दुभंगलेले दिसणे. उरलेल्या तीन नलिकेच्या आहेत: तिच्या हाडाच्या भिंतीची वरची पांढरी रेघ तुटणे, नलिकेने आपली वाट बदलणे आणि नलिका अरुंद होणे. मज्जातंतूच्या इजेशी यांतील तिघींचा संबंध विशेष ठळक आढळला, तो म्हणजे मूळ काळवंडणे, पांढरी रेघ तुटणे आणि नलिका वळणे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी या तीन खुणा सर्वांत आधी शोधायला लावते. ओपीजीत मुळे नलिकेपासून स्पष्टपणे दूर असतील, किंवा त्यांची सावली एकमेकांवर येऊनही नलिकेच्या दोन्ही पांढऱ्या रेघा अखंड दिसत असतील, तर बहुतेक वेळा पुढच्या तपासणीची गरज नसते. अशा रुग्णाला सीबीसीटी काढायला लावल्याने नवी माहिती क्वचितच हाती येते.

सीबीसीटीचे काम सुरू होते ते या खुणा दिसल्यानंतर. यात शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एकदा फिरतो, शेकडो चित्रे टिपतो आणि संगणक त्यांतून जबड्याची त्रिमितीय प्रतिमा उभी करतो. ती हवी त्या दिशेने, मिलिमीटरच्या अंशाइतक्या पातळ कापांत पाहता येते. या कापांत नलिका मुळाच्या गालाकडे आहे, खाली आहे, जिभेकडे आहे की दोन मुळांच्या मध्ये आहे, हे उघड दिसते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ आणि नलिका यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा उरला आहे की नाही, आणि नलिकेचा गोल आकार मुळाच्या दाबाने चेपला गेला आहे का, हेही कळते. नलिका जिभेच्या बाजूला आणि चेपलेली असेल, तिच्यावरचे हाड नाहीसे झालेले असेल, तर शल्यविशारदाने अधिक सावध राहावे, कारण दाढ हलवताना मुळाचा दाब थेट मज्जातंतूवर येतो. उलटही अनेकदा घडते. ओपीजीत काळवंडलेले मूळ सीबीसीटीत पाहिल्यावर नलिका त्याच्यापासून वेगळी निघते आणि तो काळेपणा जिभेकडच्या हाडाचा थर पातळ झाल्यामुळे आल्याचे कळते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण सीबीसीटीच्या जाहिरातींत ती येत नाही. नेदरलँड्स आणि डेन्मार्क येथे रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून झालेल्या आणि २०१५ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, शस्त्रक्रियेपूर्वी सीबीसीटी काढलेल्या रुग्णांमध्ये मज्जातंतूची इजा केवळ ओपीजी काढलेल्यांपेक्षा कमी झाल्याचे दिसले नाही. युरोपीय मुख-क्ष-किरणतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये म्हणूनच अशी भूमिका घेतली की अक्कलदाढ काढण्यापूर्वी सीबीसीटी सरसकट काढू नये. शल्यविशारदाला नेमका प्रश्न पडला असेल आणि त्याचे उत्तर साध्या चित्रांतून मिळत नसेल, तरच ती काढावी. प्रतिमा स्वतः कोणाचा मज्जातंतू वाचवत नाही. ती पाहून निर्णय बदलणार असेल तरच तिचा उपयोग. सीबीसीटीची चिठ्ठी मिळालेल्या प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा असे मला वाटते: या तपासणीत काय दिसले तर तुमचा बेत बदलेल?

बेत बदलण्याचे मार्ग खरोखर आहेत. पहिला म्हणजे दाढ न काढणे. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००० सालीच असे मार्गदर्शन दिले की अडकलेली पण कोणताही आजार नसलेली अक्कलदाढ केवळ भविष्यातील भीतीपोटी काढू नये. या मार्गदर्शनावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. वय वाढते तसे हाड कठीण होते आणि शस्त्रक्रिया अवघड होते, तसेच तिरप्या दाढेमुळे शेजारची दाढ मागून किडू शकते, हे आक्षेप रास्त आहेत. परंतु परदेशी जाणाऱ्या ज्या मुलीची दाढ कधी दुखली नाही, सुजली नाही, शेजारचा दात किडलेला नाही आणि जिची मुळे नलिकेवर टेकलेली आहेत, तिची दाढ विमान पकडण्याच्या घाईत काढावी की ठरावीक काळाने तपासत राहावी, याचा विचार कुटुंबाने डॉक्टरांबरोबर बसून करावा. विम्याच्या आणि खर्चाच्या हिशोबात ओठाच्या संवेदनेचीही गणना व्हावी. निघायला आठवडा उरला असताना अशी जोखमीची दाढ काढणे तर मला मुळीच पटत नाही, कारण त्यानंतर काही त्रास झाला तर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हजारो मैल दूर राहतात.

दुसरा मार्ग कोरोनेक्टमीचा. यात दाढेचा वरचा भाग कापून काढतात आणि मुळे, हाडाच्या कडेखाली राहतील अशा बेताने, जागच्या जागी ठेवतात. मज्जातंतूजवळ हात घालावाच लागत नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नलिकेला खेटलेल्या दाढांपैकी ज्यांची कोरोनेक्टमी यशस्वी झाली त्यांतील एकाही रुग्णात ओठाच्या मज्जातंतूला इजा झाली नाही, तर पूर्ण दाढ काढलेल्या गटात ती अनेकांना झाली. आत राहिलेली मुळे पुष्कळदा हळूहळू वर, म्हणजे नलिकेपासून दूर, सरकतात आणि काही थोड्या रुग्णांना ती नंतर काढावी लागतात. ही पद्धत सर्वांसाठी नाही. दाढेची कीड आतल्या गरापर्यंत गेली असेल, मुळांपाशी जंतुसंसर्ग असेल, शस्त्रक्रियेत मुळे हलू लागली किंवा दाढ नलिकेच्या लांबीवर आडवी पडलेली असेल, तर ती करता येत नाही. तरीही मुळे नलिकेत रुतलेल्या निरोगी दाढेसाठी हा पर्याय आहे एवढे तरी रुग्णाला सांगितले जावे. पुण्यात तो सांगितला जातो, पण माझ्या पाहण्यात फारच क्वचित.

आता किरणांच्या मात्रेविषयी, कारण पालकांना सर्वांत जास्त चिंता तिचीच असते. युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात ओपीजीची मात्रा साधारण ३ ते २४ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), दात व जबड्यापुरत्या सीबीसीटीची ११ ते ६७४ आणि संपूर्ण चेहरा-कवटीच्या सीबीसीटीची ३० ते १,०७३ मायक्रोसिव्हर्ट अशी नोंदवलेली आहे. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. तेव्हा ओपीजीला घाबरण्याचे कारण नाही आणि गरजेच्या सीबीसीटीलाही नाही. मात्र त्या आकड्यांतील तफावत पाहावी. एकाच नावाच्या तपासणीत मात्रा कित्येक पटींनी बदलते, आणि ती यंत्रावर, निवडलेल्या क्षेत्राच्या आकारावर आणि प्रतिमा किती सूक्ष्म घेतली यावर ठरते. एका बाजूच्या अक्कलदाढेसाठी चार-पाच सेंटिमीटरचे क्षेत्र पुरते. दोन्ही बाजूंच्या दाढा पाहायच्या असतील तर केवळ खालचा जबडा घेता येतो. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचे क्षेत्र घेण्याचे कारण अक्कलदाढेच्या प्रश्नात बहुधा नसते. अक्कलदाढेचे बहुतेक रुग्ण विशीतले असतात आणि किरणांबाबतची काळजी लहान वयात अधिक घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

पुण्यातील व्यवस्थेचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. आपल्याकडे पेठांतील आणि उपनगरांतील बहुतेक लहान दवाखान्यांत अक्कलदाढेची अवघड शस्त्रक्रिया बाहेरून येणारे शल्यविशारद करतात. रुग्णाला पाहतात ते नेहमीचे दंतवैद्य, प्रतिमा काढली जाते तिसऱ्याच ठिकाणी, आणि शल्यविशारद ती प्रतिमा अनेकदा रुग्ण खुर्चीत बसल्यावर, मोबाइलवर आलेल्या एक-दोन कापांच्या रूपात प्रथम पाहतात. सीबीसीटीचा सारा अर्थ ती प्रतिमा पुढे-मागे सरकवून, नलिकेचा माग अखंड काढून पाहण्यात आहे. निवडक दोन कापांचे छायाचित्र म्हणजे पुन्हा सपाट चित्रच झाले, आणि ते कोणी व कशाच्या आधारे निवडले हेही कळत नाही. ज्या तपासणीसाठी रुग्णाने ओपीजीच्या कितीतरी पट पैसे मोजले, तिचा लेखी अहवाल त्याच्या हाती नसावा हे मला मुळीच मान्य नाही.

चिठ्ठी लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी चिठ्ठीवर केवळ सीबीसीटी असे लिहून थांबू नये. उजवी खालची अक्कलदाढ, ओपीजीत मूळ काळसर व नलिकेची वरची रेघ तुटलेली, नलिका कोणत्या बाजूला आहे आणि मधले हाड शिल्लक आहे का, एवढे लिहायला एक मिनिट लागते. त्यावरून केंद्रातील तंत्रज्ञ क्षेत्र लहान ठेवू शकतो आणि अहवाल लिहिणारा नेमके उत्तर देऊ शकतो. अहवालात नलिकेची बाजू, मूळ व नलिका यांतील हाड, नलिकेचा आकार, मुळांची संख्या व त्यांचे वळण, जिभेकडच्या हाडाची जाडी आणि शेजारच्या दाढेच्या मुळाची झीज यांचा उल्लेख हवा. टिपलेल्या क्षेत्रात अक्कलदाढेखेरीज जे काही दिसते, उदाहरणार्थ एखादी गाठ किंवा पोकळी, त्याचीही जबाबदारी घेतली गेली पाहिजे. शहरातील आणि पिंपरी-चिंचवडमधील दंत महाविद्यालयांत मुख-क्ष-किरण निदानाचे स्वतंत्र विभाग आहेत. ज्या केंद्रात या विषयाचा तज्ज्ञ नाही त्याने प्रतिमा तेथील तज्ज्ञांकडून वाचून घ्यावी. यंत्राबाबतही रुग्णाने विचारायला संकोच करू नये. क्ष-किरण यंत्रे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात आणि केंद्राकडे त्यासाठीचा परवाना असणे बंधनकारक आहे. प्रतिमेची मूळ संगणकीय फाइल, म्हणजे डायकॉम स्वरूपातील माहिती, रुग्णाने मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर पुन्हा किरण घ्यावे लागत नाहीत.

सीबीसीटीच्या काही मर्यादाही सांगायला हव्यात. तिच्यात नलिका दिसते, मज्जातंतू दिसत नाही. शेजारच्या दाढेवर धातूची टोपी असेल तर तिच्याभोवती पट्टे उमटतात आणि नेमका तोच भाग झाकला जातो. रुग्ण जरा हलला तर कडा दुहेरी दिसतात. जिभेला संवेदना देणारा दुसरा मज्जातंतू अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने, हाडाबाहेर, मऊ पेशीजालातून जातो. तो ओपीजीत दिसत नाही आणि सीबीसीटीतही दिसत नाही. त्याला इजा झाली तर जिभेची ती बाजू बधिर होते आणि चवही जाते. तो सुरक्षित राहतो तो शल्यविशारदाच्या हातामुळे आणि जिभेकडच्या हाडाला व हिरडीला कमीत कमी धक्का लावण्याच्या पद्धतीमुळे. सीबीसीटी स्वच्छ आली म्हणून धोका संपला, असे समजणाऱ्या कुटुंबाला हे आधी सांगितले गेले पाहिजे, आणि संमतीपत्रावर ओठ व जीभ या दोहोंचा उल्लेख, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत, असला पाहिजे. छापील इंग्रजी कागदावर सही घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर भुलीचा परिणाम काही तासांत ओसरतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर असेल, तर टाके काढायच्या दिवसापर्यंत थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मुळाचा किंवा हाडाचा तुकडा नलिकेत दाबला गेला असण्याची शंका असेल तर अशा वेळी सीबीसीटी जरूर काढावी, कारण तो तुकडा लवकर काढल्यास मज्जातंतू सावरण्याची शक्यता वाढते. तसे काही नसेल तर कापसाच्या बोळ्याने आणि बोथट टोकाने बधिर भागाची सीमा आखून, तारीख घालून तिची नोंद ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ती पुन्हा तपासावी. अनेक आठवडे सुधारणा दिसली नाही तर रुग्णाला मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडे पाठवावे, कारण दुरुस्तीची शस्त्रक्रिया करायचीच असेल तर तिला उशीर झालेला चालत नाही. ज्या मुलाचे विमान त्या आठवड्यात आहे, त्याने ही नोंद, ओपीजी आणि डायकॉम फाइल आपल्या सामानात बरोबर न्यावी.

आपली नम्र,
मुख-क्ष-किरण निदानाची एक अध्यापिका
कोथरूड, पुणे